मुक्यानं म्हटलेले पाढे

परवा भर दुपारी लाइट गेली. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, फ्रीज थरथरून गप्प झाला आणि मागच्या गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबले. आता आमच्या भागात लूम तरी कितीसे राहिलेत? निम्मे भंगारात गेले, शेड पाडून तिथे इमारती उठल्या. पण उरलेत तेवढे थांबले तरी मला पुरतात. मी चहाचा कप खाली ठेवला, उठले आणि दाराची कडी लावली. सूनबाई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. "आई, लाइट गेलीय फक्त," ती हसत म्हणाली. "ठाऊक आहे मला," मी म्हटलं आणि खालची कडीही लावली.

बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांचा डोळा लागत नाही. सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी विचारतात, "तुम्ही झोपता कसे हो या खडखडाटात?" आम्ही त्या खडखडाटातच झोपतो. भिवंडीची बाळं पाळण्यात त्या आवाजावर झोपतात आणि तो थांबला की रडत उठतात. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी आपटते, खटक्-पटक्, खटक्-पटक्. तो आवाज असला की कामावर गेलेला माणूस कामावर आहे, चूल पेटणार आहे, गाव जागेवर आहे.

सत्तरच्या दशकातल्या त्या दंगलीच्या उन्हाळ्यात एका दुपारी गावातले लूम थांबत गेले. आधी लांबचे, मग जवळचे. आई गच्चीवर पापड वाळत घालत होती. हातातला पापड हातातच ठेवून तिनं विचारलं, "काय झालं गं?" मी काही बोलायच्या आत धूर दिसला. त्यापुढचं मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्या डोळ्यांसमोर ते उभं करायची मला हौस नाही. एवढंच सांगते की त्या दिवसांत गावात कुत्रं भुंकलं तरी बरं वाटायचं.

मला आठवतो तो त्यानंतरचा शाळेचा हंगाम. पावसाळा चांगला मुरला होता. कोऱ्या पुस्तकांचा वास दरवर्षी येतो, पण त्या वर्षी त्यात दुसराही एक वास होता. जळक्या लाकडांवर पाणी पडलं की ती पुन्हा जळल्यासारखी वास मारतात. पोरं पुस्तक उघडून नाकाला लावायची आणि मिटून ठेवायची.

मी नवीन मास्तरीण होते. अंगात धीर नव्हता आणि तो असल्याचं सोंगही धड येत नव्हतं. आम्ही बौद्ध, आमची वस्ती हिंदू आणि मुसलमान मोहल्ल्यांच्या मधोमध. पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. त्या वर्षी मात्र शाळेच्या वाटेवर कोणी ना कोणी विचारायचं, "तुम्ही कोणाकडचे?" मी म्हणायची, "शाळेकडची," आणि जीव मुठीत धरून पुढे सटकायची. शाळेच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय पडला की मग कुठे श्वास सुटायचा.

शाळा म्हणजे भाड्याची एक जुनी माडी. खाली गोदाम, वर लाकडी फळ्यांची जमीन, एक लांब खोली आणि टोकाला अडगळ. एका बाजूची भिंत शेजारच्या लूमशेडची. त्या भिंतीला टेकून बसलं की लूमच्या हादऱ्यांनी पाठ हुळहुळायची. आधीच्या वर्षांत मधल्या सुट्टीत पोरांचा एक खेळ असायचा, लूम-लूम. दोन रांगा करायच्या, एका रांगेनं डावा पाय आपटायचा, दुसरीनं उजवा. सगळी माडी खटक्-पटक् हलायची आणि खालचा गोदामवाला काठीनं तक्तपोशी ठोकून शिव्या घालायचा.

त्या हंगामात मोठ्या गुरुजींनी हा खेळ बंद केला. मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. काळी टोपी, करडा आवाज, आणि हातात छडी नसली तरी ती आहे असं पोरांना वाटायचं. शाळा सुरू झाली त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी घंटा वाजवली, तर समोरच्या चाळीतल्या बाया पोरांना काखोटीला मारून पळत सुटल्या. त्यांना वाटलं, काहीतरी पेटलं. दुधानं तोंड पोळलेलं गाव होतं ते, ताक कसलं, पाणीही फुंकून पीत होतं. गुरुजींनी त्याच दिवशी घंटा उतरवली. मग एकेक करत शाळेतले सगळे आवाज उतरवले. प्रार्थना ओठांतल्या ओठांत. पाढे मुक्यानं. डंबेल्स आणि लेझीम अडगळीतल्या मोठ्या लाकडी पेटीत. सुट्टी झाली की गुरुजी दारात उभे राहून पांढरा रुमाल हलवायचे. खोली भरून पोरं, सगळ्यांचे ओठ हलतायत, बे एके बे, बे दुणे चार, आणि आवाज फक्त भिंतीपलीकडच्या लूमचा.

अशा त्या शाळेत नसीम आली. म्हणजे तिची अम्मी तिला घेऊन आली. सात-आठ वर्षांची पोर, तेल चोपडलेली घट्ट वेणी, आणि मनगटाला अम्मीच्या ओढणीचं टोक गाठ मारून बांधलेलं.

"इसको सुनाई नहीं देता," अम्मी म्हणाली. "बैठने दो."

गुरुजी त्यांच्या मराठमोळ्या हिंदीत म्हणाले, "ये मराठी शाळा है. उर्दू शाळा उधर, रस्ते के उस बाजू."

"वो रस्ता हम नहीं लाँघेंगे. और इसके लिए क्या उर्दू, क्या मराठी?" अम्मीनं शेडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "इसका बाप उस तरफ लूम चलाता है. ये इस तरफ बैठेगी. बस."

मग तिनं गाठीची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात त्यांची गल्ली पळाली तेव्हा ती धाकट्याला घेऊन पळाली. नसीमला हाका मारल्या, वाटलं मागे येतेय. वळून बघते तर पोर नाही. नसीम घराच्या ओट्यावर चिंध्यांची बाहुली मांडून बसली होती. सगळी गल्ली ओरडत होती आणि तिला पत्ताच नव्हता. अम्मी धाकट्याला कोणाच्या तरी हातात कोंबून उलटी पळाली. त्या दिवसापासून ही गाठ.

गुरुजींनी त्या गाठीकडे पाहिलं. म्हणाले, "बसू दे. पण गाठ सोडा. बांधलेलं मूल मी शाळेत बसवणार नाही."

अम्मीला मराठी कळलं की नाही कोण जाणे, गाठ मात्र कळली. गाठ सोडताना तिनं मला विचारलं, "किसी का हाथ रहेगा इसके हाथ में?" मी हो म्हटलं. ज्या पोरीला हाक मारता येत नाही ती माझ्या भरवशावर, आणि मी कोणाच्या भरवशावर?

हात मिळाला सुगंधाचा. सुगंधाची आई जवळच्या पूर्णे गावची, भाजी विकायला बसायची. गावात पोरीला एकटी ठेवायचा धीर होत नव्हता, म्हणून पोर आमच्या शाळेत आणि आई शाळेखालच्या कोपऱ्यावर. तिला विचारल्याशिवाय मी हे ठरवणार नव्हते. ती म्हणाली, "बसू दे न बाय. पोरीचा काय. पन सांगून ठेवतंय, काय झाला तं मी पयली माजी पोर उचलीन. मंग मना बोलाचा न्हाय."

काही झालं असतं तर मी तरी कोणाला आधी उचललं असतं?

आणि मग एक गोष्ट घडत गेली. ती लिहितानाही मला थोडं चोरट्यासारखं वाटतं. नसीमला शाळा जमू लागली. इतर कुठल्याही वर्षी ती मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली असती. पण त्या वर्षी सगळी शाळाच बिनआवाजाची होती. मी हातवारे करून शिकवत होते, फळ्यावर चित्रं काढत होते, पोरं ओठांनी आणि बोटांनी पाढे म्हणत होती. नसीम सगळ्यांचे ओठ बघायची आणि बोटं मोडत पाढा पुढे न्यायची. महिन्याभरात ती सुगंधाच्या पुढे गेली. सुगंधा चुकली की ती तिच्या मांडीवर चापट मारायची. भीतीनं आमची शाळा त्या पोरीच्या मापाची करून टाकली होती. शहाण्या माणसांना हे आपणहून कधी सुचलं नसतं.

डावा हात सुगंधाच्या हातात आणि उजवा तळवा शेडच्या भिंतीवर, अशी ती बसायची. मला वाटायचं, बापाजवळ असल्यासारखं वाटत असेल तिला.

श्रावणातली दुपार होती. ऊन-पावसाचा खेळ चालला होता आणि मी फळ्यावर बैलांची जोडी काढत होते. वळले तेव्हा सगळ्यात आधी मला दिसली नसीम. तिनं भिंतीवरचा तळवा चटका बसल्यासारखा मागे घेतला होता. पुढच्या क्षणी मला शांतता ऐकू आली.

लूम थांबले होते. शेजारचेच नाही, सगळे. गाव थांबलं होतं.

खडू हातातून कधी पडला आठवत नाही. पोरांचे ओठ हलायचे थांबले. खाली कोणीतरी दुकानाची फळी आपटली, मग दुसरी, मग धडाधड सगळ्याच. एक बाई किंचाळली. जिन्यावर पावलं वाजली आणि आईबापांचा लोंढा वर आला. सगळ्यात पुढे सुगंधाची आई. डोक्यावरची चुंबळ तशीच, टोपलीचा पत्ता नाही. तिनं सांगितलं होतं तेच केलं. सुगंधाला बगलेत घेतलं आणि वळली. सुगंधाचा हात नसीमच्या हातातून ओढला गेला, ते मी पाहिलं. मी तिकडे जायला निघाले तेवढ्यात दोन पोरं माझ्या कमरेला मिठी मारून रडायला लागली, आणि मी तिथेच अडकले. गुरुजी जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभे होते आणि दबक्या आवाजात म्हणत होते, "एकेक, एकेक जा, पोरं तुडवू नका."

तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "ए, काही नाही! खांबावरचा ट्रान्सफॉर्मर उडालाय! लाइट गेलीय, लाइट!"

क्षणभर कोणाचा विश्वास बसला नाही. मग एकजण हसला, मग सगळेच. रडता रडता हसणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. बाया पदरानं तोंड पुसत एकमेकींना टाळ्या देत होत्या. मी पोरांवरून नजर फिरवली.

नसीम नव्हती.

आम्ही तिला हाका मारल्या. आज हसू येतं, पण खरंच मारल्या. "नसीम, नसीम" करत सगळी माणसं जिना चढत-उतरत होती. गुरुजींनी मोरी बघितली, गोदाम उघडायला लावलं. कोणीतरी अंगणातल्या विहिरीत वाकून बघितलं. विहीर पावसानं काठोकाठ भरलेली, वर शेवाळ. त्या माणसानं मान हलवून "नाही" म्हटलं तरी मी पुन्हा वाकून बघितलं. मी अडगळीची खोली पाहिली. मोडके बाक, गुंडाळलेल्या तरटपट्ट्या, लेझमांची पेटी. पट्ट्या उलगडून पाहिल्या. पेटीला हात लावला नाही. लेझमांच्या पेटीत मूल शिरलं तर छन् झाल्याशिवाय राहील का?

मग तिची अम्मी आली. ती रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"हमने ही सिखाया है," ती म्हणाली. "कान तो है नहीं. तो सिखाया, लूम हिलना बंद हो, तो छुप जा. कोई ढूँढे, कोई हाथ लगाए, साँस मत ले. जब लूम चले, तब निकल."

"कुठे लपते? किधर?" गुरुजींनी विचारलं.

"जहाँ कोई न ढूँढे."

वायरमनचा निरोप आला होता, आज रात्रीपर्यंत लाइट येणं कठीण. जिथे कोणी शोधणार नाही अशी जागा म्हणजे झाकलेली जागा. झाकलेल्या जागेत वारा किती वेळ पुरतो? लूम चालल्याशिवाय पोर असेल तिथून बाहेर येणार नव्हती, कारण ती शहाणी होती आणि आईचं ऐकत होती.

मी फळ्यांच्या जमिनीवर उभी होते. कोणाचं तरी पोर रडता रडता पाय आपटत होतं आणि ती धडधड माझ्या टाचेतून वर येत होती. मी म्हटलं, "गुरुजी, लूम-लूम खेळू या?"

त्यांना लगेच कळलं. "बाई, खाली गल्ली भरून माणसं आहेत. आत्ताच कुठे जीव भांड्यात पडलाय त्यांचा. वरून धडधड आवाज आला तर पुन्हा पळापळ होईल. कोणी दगड उचलला तर?"

"हो," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि त्यांचं खरं होतं.

गुरुजींनी टोपी काढली, खिडकीशी गेले आणि अर्धे बाहेर वाकले. सबंध हंगामात ज्यांनी आवाज चढवला नव्हता ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "घाबरू नका! पोरं लूम चालवतायत! डरो मत! बच्चे लोग लूम चलाते है!" मग आत वळून म्हणाले, "लावा."

मी निऱ्या वर खोचल्या आणि डावा पाय आपटला. पोरांनी आधी गुरुजींकडे बघितलं, मग त्यांना राहवेना. दोन रांगा झाल्या. खटक्-पटक्. आईबाप त्यांच्यामागे. बुरख्यातल्या बाया, धोतरातले म्हातारे, सुगंधाची आई अनवाणी टाचांनी, सुगंधा अजून काखेतच. फळ्यांच्या फटीतून खाली धूळ गळत होती. पोरांना मजा वाटू लागली होती. मला एकच भीती वाटत होती, की आपण उशीर केला.

बराच वेळ काही झालं नाही. मग अडगळीतून आवाज आला. छन्.

आम्ही सगळे थांबलो. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप थांबलो, कान देऊन. पेटीचं झाकण बोटभर उघडलं होतं. आम्ही थांबलो आणि ते झाकण पुन्हा मिटलं.

"बंद मत करो!" अम्मी किंचाळली. "चलाओ! चलाओ!"

पुन्हा पाय सुरू झाले. त्या वेळी मी आपटत होते ते पाय माझे नव्हतेच. झाकण पुन्हा हललं. गुरुजींनी पुढे होऊन ते वर उचललं. डंबेल्स आणि लेझमांच्या ढिगात नसीम घामानं निथळत पडली होती. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही तळवे पेटीच्या तळावर टेकलेले. अम्मीनं तिला उचलली तेव्हा एक लेझीम फ्रॉकला अडकून वर आली आणि वाजत राहिली.

अम्मीनं तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. ओढणीचं टोक काढलं, मनगटाला बांधलं, गाठ दोनदा आवळली आणि जिना उतरून गेली. सुगंधाची आई मला म्हणाली, "मी सांगलेलं ना बाय तुला." मी म्हटलं, "सांगितलं होतंस." त्यात तिचं काय चुकलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा गुरुजी पान्यानं पेटीच्या बिजागऱ्या सोडवत होते. झाकण त्यांनी भिंतीला उभं करून ठेवलं.

आता ती माडी नाही. सूनबाई कामाला जाते ते गोदाम सुगंधाच्या गावात, पूर्ण्यालाच आहे. जिथे भाजी पिकायची तिथे ट्रक उभे असतात. नसीम पुढे आमच्याकडे चौथीपर्यंत शिकली, मग तिचे लोक उत्तरेकडे आपल्या मुलुखात निघून गेले. परवा दोन्ही कड्या लावून मी खुर्चीत बसले आणि काही वेळानं बघते तर माझा पाय फरशीवर आपटत होता. सूनबाईनं चिरायचं थांबवलं. फरशी लाकडासारखी बोलत नाही. तरी मी लाइट येईपर्यंत पाय थांबवला नाही.

गुरुजींनी पेटीचं झाकण काढलं त्या सकाळी मी हजेरी घ्यायला बसले. हजेरीसुद्धा हलक्या आवाजात. नसीमचं नाव आलं की तिच्या वतीनं सुगंधा हात वर करायची. मी नाव घेतलं. सुगंधाचा हात सवयीनं अर्धा वर गेला आणि शेजारची मोकळी जागा बघून खाली आला. मला पुढचं नाव घेववेना. भिंतीपलीकडे लूम चालू होते, रात्री केव्हातरी लाइट आली होती. पोरं माझ्याकडे बघत होती.

जिन्यावर पावलं वाजली. दारात अम्मी उभी राहिली, आणि तिच्या पुढे नसीम. मनगटाला गाठ नव्हती. ओढणीचं टोक नसीमनं स्वतःच मुठीत धरलं होतं. तिनं आधी माझ्या ओठांकडे बघितलं, मग गुरुजींकडे. मग ओढणी सोडली, उंबऱ्याच्या आत आली आणि फळ्यांवर जोरात पाय आपटले. डावा, उजवा.

गुरुजींनी तोंडावर बोट ठेवलं नाही. मी तिची हजेरी मांडली.